धर्मशाळेतल्या भुताचं ताट

आई, तुमच्या कावळ्याने फारच घाई केली. गुरुजी पिंड ठेवून नीट मागेसुद्धा सरले नव्हते, तेवढ्यात तो आला, चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. तुमच्या सलीलचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या सुलूकाकू लगेच म्हणाल्या, "पुण्यवान हो. काहीसुद्धा अडकलं नव्हतं त्यांचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमची सून मात्र एका कोपऱ्यात चिडून उभी होती.

काहीच अडकलं नव्हतं? मी तर वचन तयार ठेवून आले होते. कावळा अडून बसेल, लोक नेहमीसारखं सांगतील की सलीलला सांभाळू, घरचे गणपती चालू ठेवू, आणि तरीही तो शिवणार नाही, मग मी हळूच पुढे होऊन म्हणेन, "आई, भुताची काळजी करू नका, मी बघते." असं सगळं मनात ठरलं होतं. त्या मेल्याने संधीच दिली नाही. घरी येताना गाडीत सलीलने विचारलं, तू का फुगलीस? त्याला काय सांगणार? दहाव्याच्या दिवशी माणसं कशावरून रडतात आणि कशावरून रुसतात, याचं काही खरं नसतं.

ते भूत आपल्या हॉलमधल्या टीव्हीत राहायचं. म्हणजे मी खेळायचे त्या व्हिडिओ गेममध्ये. सलील दुपारीच भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला जातो तो थेट रात्री जेवायच्या वेळी उगवतो. मी ऑफिसातून आले की चहा घेऊन तासभर खेळायचे. ढाल-तलवार घेतलेली एक बाई, डोंगर, जंगलं, राक्षस, जुने किल्ले. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुमचं बाहेर जाणं बंद झालं, तेव्हा तुम्ही मटार सोलायला त्याच दिवाणावर येऊन बसायला लागलात. सुरुवातीला नुसतं बघायचात. मग एक दिवस विचारलंत, "ही बाई कोण?"

"मीच आहे, आई."

"तू आहेस? मग इतकी धावते कशाला? घोडा-बिडा काही मिळत नाही का तिथे?"

मी घोडा घेतला. तेव्हापासून तुमचं लक्षच लागलं. असल्या खेळात कुणाच्याही घरात शिरून पेट्या उघडायच्या, मिळेल ते पिशवीत टाकायचं, हा नियमच असतो. तुम्हाला ते बघवेना. "अगं, दार तरी वाजव! लोकांच्या घरात घुसून त्यांचे डबे काय उघडून राहिली? तुझ्या नाशिकला चालत असेल हे." तुमच्या धाकाने माझी वीरांगना पुढे कुणाच्या घरातून चमचासुद्धा उचलीना. अर्धा खेळ मी त्यामुळे गरिबीत काढला.

खरं सांगू? त्याआधी आपल्यात बोलण्यासारखं फार काही नव्हतंच. भांडण नव्हतं, पण बोलणं म्हणजे दूध नासलं का, कुकरच्या शिट्ट्या झाल्या का, सलील जेवून गेला का. मी घाबरायचे तुम्हाला आणि तुम्हाला माझ्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. त्या टीव्हीतल्या जंगलात आपण दोघी एका बाजूला झालो आणि राक्षस दुसऱ्या बाजूला, तेव्हा कुठे आपली ओळख झाली. लग्नात कुणी करून दिली नव्हती इतकी चांगली ओळख त्या खेळाने करून दिली.

आणि मग ती पडकी खानावळ लागली. खेळात तिला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं, तुम्ही पाहताक्षणी तिला धर्मशाळा म्हणालात. आत धूळ, मोडकी बाकं, आणि एका टेबलाशी बसलेलं म्हाताऱ्या शिपायाचं भूत. निळसर, आरपार दिसणारं, समोर फासे ठेवलेले. मी तलवार उपसली तर तुम्ही ओरडलात, "थांब! आधी पाय बघ त्याचे." मी कॅमेरा टेबलाखाली नेला. पाय सरळ होते. तुमचा विरस झाला. महूला तुमच्या माहेरी पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली हडळ, सगळ्यांची तुम्हाला नावानिशी माहिती होती, त्या हिशेबाने हे भूत फारच साधं निघालं. "हा कसला भूत? हा तर पेन्शनर आहे."

पेन्शनर जुगारी होता. आपण पिशवीतली एखादी वस्तू पणाला लावायची, त्याने आपली एक आठवण. आपण हरलो तर वस्तू गेली. तो हरला तर ती आठवण आपल्याला सांगायची आणि त्याच्याकडून ती कायमची गेली. सगळ्या आठवणी सांगून झाल्या की त्याची सुटका, आणि आपल्याला उत्तरेच्या दाराची किल्ली. त्या किल्लीशिवाय गोष्ट पुढे सरकत नव्हती. फासे टाकायला बटण दाबून धरायचं आणि नेमक्या वेळी सोडायचं. मला ते काही केल्या साधेना. तुम्ही माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतलात, तो आधी साडीच्या पदराला पुसलात, अंगठा बटणावर ठेवलात आणि डोळे मिटलेत. दान पडलं. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "पौ बारा!"

तेव्हा मला कळलं की लहानपणी महूला तुम्ही वडिलांबरोबर चौसर खेळायचात, आणि वडील हरले की जेवायला बसायचे नाहीत म्हणून आई तुमच्यावरच रागवायची. लग्न होऊन इंदुरात आलात आणि सासऱ्यांनी पहिल्याच दिवाळीला सांगितलं की या घरात फासा चालत नाही. तुम्ही फासे माहेरी ठेवून दिलेत आणि पुन्हा कधी त्यांचं नाव काढलं नाहीत. रात्री सलीलला सांगितलं, तर तोसुद्धा हे पहिल्यांदा ऐकत होता. मग तुम्ही माझी तलवार लावलीत आणि हरलात. चिलखत लावलंत, तेही गेलं. माझी वीरांगना अंगावरच्या पातळ सदऱ्यानिशी लांडग्यांच्या जंगलातून फिरायला लागली. मी कुरकुरले तर म्हणालात, "खेळात थोडं तर जातंच नं, मुग्धा. लोखंडच होतं ते."

त्या भुताशी तुम्ही हिंदीत बोलायचात. परका माणूस दिसला की इंदूरचा मराठी माणूस आपोआप हिंदीवर जातो, मग तो मेलेला का असेना. "ए भिया, सीधा खेल. मेरे को मत सिखा, मैं महू की हूँ." तो जिंकला की, "देखो, कैसा हँस रिया है!" तो हरला की त्याचं जुनाट इंग्रजी मी तुम्हाला मराठीत सांगायचे. गावची विहीर. हरवलेलं शिंगरू. थंडीत एका मित्राने दिलेलं कांबळं. आणि एकदा त्याने सांगितलं की लढाईवर निघताना बहिणीने भाकरी बांधून दिली होती, ती खायची राहूनच गेली.

तुम्ही मटाराची परात बाजूला ठेवलीत. मग विचारलंत, "तुझ्या पिशवीत खायचं काय आहे?"

होतं. पाव होता, सफरचंद होतं, चीजचा तुकडा होता, त्याला तुम्ही पनीर म्हणायचात. आणि मीठ होतं, कारण खेळात मांस खारवायला लागतं. तुम्ही मला ते सगळं त्याच्यापुढे टेबलावर वाढायला लावलंत. असल्या खेळात वस्तू नीट मांडून ठेवणं महाकर्मकठीण असतं. पाव कलंडतो, सफरचंद घरंगळतं. मी कसंबसं मांडलं तर तुम्ही म्हणालात, "मीठ चुकलं. डावीकडे वाढतात."

"डावीकडेच तर ठेवलंय, आई."

"तुझ्या डाव्या हाताला नाही गं. जेवणार कोण आहे? त्याच्या डाव्या हाताला."

तो टेबलाच्या पलीकडे, माझी बाई अलीकडे. म्हणजे पडद्यावर मीठ उजवीकडे दिसायला हवं. मी उचलून उजवीकडे ठेवलं. तेव्हा तुम्ही समाधानाने मान हलवलीत आणि पहिल्यांदाच त्याच्याशी मराठीत बोललात. "जेवून घे रे." तेव्हाच मी ओळखलं की हा आता घरचा झाला.

पुढे रोज ताट. आधी ताट, मग फासे. रिकाम्या पोटी कुणाशी खेळायचं नाही, हा तुमचा नवा कायदा. त्या खेळात खाली ठेवलेली वस्तू आपोआप नाहीशी होत नाही आणि तुम्ही मला उचलू द्यायचा नाहीत, कारण वाढलेलं ताट उचलतात का! नवं ताट मांडायला जुनं त्याच्या खुर्चीमागे सरकवायचं. होता होता धर्मशाळेत पावांचा ढीग झाला. तिथे शिरायचं म्हटलं की खेळ अडखळायला लागला, चित्र थांबून थांबून यायचं. सलीलने एकदा पाहून डोक्याला हात लावला. "आई, तुझ्या पावांमुळे मशीन बसेल." तुम्ही म्हणालात, "बसू दे. भुकेला तर कोणी बसला नाही नं?" असले जुगारी मी तरी कुठे पाहिले नाहीत.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते शेवटच्या आठवणीवरून. एकच उरली होती. ती जिंकली की शिपाई सुटणार आणि मला किल्ली मिळणार. तोपर्यंत तुमचा अंगठा इतका तयार झाला होता की हवं ते दान पडायचं. आणि तुम्ही मुद्दाम हरायला लागलात. एक सफरचंद लावायचं आणि हरायचं. गाड्यांवर तळलेल्या गराडूचा थंडीतला सीझन आला आणि गेला, माझी बाई तिथल्या तिथेच.

मी म्हणायचे, "आई, सोडवा की त्याला. किती वर्षं बसलाय बिचारा."

"तो बोलला का तुला, सोडव म्हणून?"

"खेळ तसाच आहे. सुटका म्हणजे चांगलंच नं त्याचं."

"चांगलं कोणाचं? किल्ली तुला हवी आहे. सांगून झालं की उठून जाईल तो. मग इथे संध्याकाळी कोण आहे?"

मी चिडायचे. तुम्ही मटार सोलायचात. मला वाटलं असतं तर तुम्ही नसताना, तुम्ही झोपलेल्या असताना, ते दान मी टाकू शकले असते. कधीतरी पडलंच असतं. पण नाही टाकलं. भूत तुमचं होतं. तुम्हीच नियम केला होता की फासा ज्याच्या हातात, दान त्याचं, दुसऱ्याने मधे हात घालायचा नाही.

मग ते दुखणं आलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हालाही ते आवडायचं नाही. पहिली औषधं झाली, दुसरी झाली, केस गेले, चव गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा करून बघता येईल, उपयोग होईल किंवा होणार नाही. मी लगेच हो म्हणाले. तुम्ही नको म्हणालात. सलील खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला ना तुमच्या बाजूने बोलता आलं, ना माझ्या. मी म्हणाले, "आई, एकदा टाकून बघू या नं. काय सांगावं, पडेलही दान." तुम्ही शांतपणे विचारलंत, "फासा कोणाच्या हातात आहे?"

मला उत्तर माहीत होतं, म्हणूनच मी जास्त भडकले. भर दवाखान्यात ओरडले, "तिकडे त्या भुताला जाऊ देत नाही तुम्ही! त्याला धरून ठेवलंय आणि स्वतःला मात्र निघायची घाई!" बाकावरची माणसं वळून बघायला लागली. भूत कुठलं, त्यांना काय कळणार. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. म्हणालात, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू. चल, बाहेर पोहे मिळतात."

आपण तिघांनी गाडीवर उभं राहून पोहे खाल्ले. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि उरलेले माझ्या कागदावर ओतलेत, वर जीरावन मसाला मागून घेतलात, शेव मागून घेतली. रडत रडत मी ते सगळं संपवलं. त्या वादात कोण बरोबर होतं, हे आजही मला ठरवता येत नाही. मी अजूनही म्हणते की एकदा टाकून बघायला हवं होतं. तुम्ही असतात तर अजूनही नाही म्हणाला असतात. हे भांडण मला मिटवायचंही नाही, आई. तेवढंच आपल्या दोघींचं चालू राहिलंय.

त्यानंतर खेळ लागलाच नाही. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, राहू दे, डोळे दुखतात. मला ते खरं वाटलं. आपण नुसत्या बसायचो. तुम्ही महूच्या गोष्टी सांगायचात, वडिलांच्या, चौसराच्या, शाळेत जाताना लागणाऱ्या परेडच्या मैदानाच्या. एकदा तर तुम्ही सांगितलेलीच गोष्ट पुन्हा सांगितलीत आणि मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवलं. तुमच्या लक्षात आलं. तरी पुढे सांगत राहिलात. त्या संध्याकाळी चांगल्या होत्या. इतक्या चांगल्या की त्या संपणार आहेत हे मी विसरून जायचे.

तेरावं झालं, पाहुणे गेले. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. काल दुपारी सलील म्हणाला, "तुझा खेळ लाव नं. काहीतरी वाजू दे घरात." तो स्वतः तुमच्या जागी दिवाणावर बसला. मी खेळ लावला. मनात म्हटलं, कावळ्याला सांगायचं राहिलं ते आता करते. शिपायाला सोडवते, तुमच्या नावाने. की नको सोडवू? तुम्हाला नको होतं. बटणावर बोट ठेवून मी ठरवत बसले.

धर्मशाळा उघडायला नेहमीसारखा वेळ लागला, पावांमुळे. चित्र आलं. टेबल होतं, फासे होते.

खुर्ची रिकामी होती.

मला वाटलं मशीन बिघडलं. बाहेर जाऊन पुन्हा आत आले. रिकामीच. पिशवी उघडली तर उत्तरेची किल्ली आत. मग शेवटचा खेळ कधीचा आहे ते पाहिलं. आपण दवाखान्यात भांडलो त्याच्या आदल्या दिवशी दुपारचा. मी ऑफिसात होते, सलील कोचिंगला. म्हणजे मी तिथे सगळ्यांसमोर ओरडले, तेव्हा तो आधीच गेलेला होता. तुम्ही त्याला जाऊ दिलं होतंत, आणि मग डॉक्टरांना स्वतःचं 'नको' सांगायला आला होतात. एका शब्दाने सांगितलं नाहीत मला. सांगितलं असतंत तर मी तिथेच गप्प झाले असते, आणि तुम्हाला तसं जिंकायचं नव्हतं.

"मला ते चालू करता येत नाही बाई," म्हणायचात तुम्ही नेहमी. कसलं काय!

त्याने शेवटची आठवण काय सांगितली असेल? खेळ ती एकदाच सांगतो. मराठीत सांगायला मी नव्हते. तुम्हाला ती कळली की नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवलीत? शोधलं तर इंटरनेटवर मिळेल, पण मी शोधणार नाही. ती तुमच्या दोघांतली गोष्ट आहे.

"मुग्धा, ते काय?" सलीलने पडद्याकडे बोट दाखवलं. टेबलाखाली सफरचंदं पडली होती, एक नाही, बरीच. इकडे तिकडे घरंगळलेली. वाढायचं काम नेहमी माझं असायचं, तुमचा हात फक्त फाशांचा. त्या दुपारी तुम्ही एकट्याने किती वेळा पिशवीतून नवं सफरचंद काढून ठेवलंत, किती वेळा ते पडलं, तुमची बोटं तेव्हा किती कापायची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सलील माझ्याशेजारी खाली येऊन बसला.

मी कॅमेरा वर नेला. शिपायाच्या बाजूला जुनी ताटं तशीच होती. नवं ताट अलीकडे होतं, माझ्या बाईच्या खुर्चीपुढे. पाव जरा तिरका, चीज, शेवटी एकदाचं टिकलेलं सफरचंद. इतके दिवस मला पडद्यावर मीठ उजवीकडे बघायची सवय झाली होती. या ताटात ते डावीकडे होतं.

उत्तरेचं दार आता उघडणार होतं. सलील म्हणालाही, चल, बघू तरी पलीकडे काय आहे. मी म्हटलं, थांब जरा. माझ्या बाईला त्या खुर्चीत बसवलं आणि पाव उचलला, मग चीज, मग सफरचंद. वाढलेलं ताट उचलायचं नाही, पण हे माझंच होतं. आई, मी आधी जेवले.